मानेची डाय की पूर्ण डाय

काडतुसं भरायच्या माझ्या जुन्या डायला, त्या पोलादी साच्याला, आतून चरा पडला, तेव्हा ब्लेअर आपणहून म्हणाला, "चल बाबा, गोर गावात जाऊन दुकानातून नवी घेऊ. गाडी मी चालवतो." माझा मुलगा आपणहून मला कुठे नेत नाही. मला तेव्हाच संशय यायला हवा होता. पण एप्रिल तोंडावर आला होता, डोंगरात नर हरणं ओरडायला लागणार होती, शिकारीचे खरे दिवस ते, आणि मला काडतुसं भरायची घाई होती.

त्यात माझ्या रायफलच्या परवान्याची मुदत संपत आलेली. आमच्याकडे परवाना नव्याने द्यायच्या आधी चौकशीला एक बाई येते. ती घरच्या माणसाला बाजूला घेऊन विचारते, ह्याच्या हातात बंदूक ठेवावी का? माझी बायको मोइरा होती तोवर काळजी नव्हती. गेल्या खेपेला ती चौकशीवाल्या बाईला म्हणाली होती, "द्या बाबा त्याला परवाना, नाहीतर दिवसभर माझ्या स्वयंपाकघरात लुडबुड करील." मोइरा गेली. ह्या वेळी घरचं माणूस म्हणून मी ब्लेअरचं नाव दिलं. दुसरं होतं कोण?

दुकानात मालकीण नोएलिनने दोन डाय काउंटरवर ठेवल्या. "तुला मानेचीच हवी असणार, मर्डो. तरी दोन्ही बघ," म्हणाली आणि मागच्या बाजूला कुणाचा तरी फोन घ्यायला गेली.

काडतूस वाजलं की त्याची पितळी पुंगळी फुगते आणि ज्या रायफलमध्ये वाजली तिच्या पोटाचा आकार घेते. ती पुन्हा भरायची तर आधी डायमध्ये घालून, प्रेस नावाच्या यंत्राचा दांडा ओढून आवळावी लागते. मानेची डाय गोळी बसते तेवढी पुंगळीची मान आवळते, बाकीच्या अंगाला हात लावत नाही. अशी पुंगळी आपल्या रायफलमध्ये पायात जुना बूट बसावा तशी बसते, आणि दुसऱ्याच्या रायफलमध्ये बोल्टच, म्हणजे मागची कडीच, मिटत नाही. पूर्ण डाय सगळं अंग दाबून काढते, मग ती पुंगळी त्या मापाच्या कुठल्याही रायफलला चालते. मी जन्मभर मानेची वापरली. रायफल एक, पुंगळ्या तिच्या, मग उगाच पितळेचे हाल कशाला?

"पूर्ण घे, बाबा," ब्लेअर म्हणाला.

"का?"

"म्हणजे माझ्या रायफलला चालतील. क्रेगच्यासुद्धा."

क्रेग म्हणजे त्याचा मेव्हणा. हरणापेक्षा झाडांना जास्त गोळ्या मारणारा.

"क्रेगला दुकानातली काडतुसं परवडत नाहीत?"

"तुझ्यासारखी दुकानात मिळतात का? तो म्हणतो, तुझ्या हाताला तोड नाही."

मी फुशारलो. खोटं कशाला सांगू, फुशारलोच. क्रेगच्या तोंडची असली तरी स्तुती ती स्तुती.

"नव्या पुंगळ्यांची एखादी पेटी भरून देईन त्याला," मी म्हणालो. "पण माझ्या पुंगळ्या वेगळ्या. त्या मानेच्याच डायमधून काढणार. माझ्या रायफलला तेच मानवतं."

पूर्ण डायची डबी उघडायची, मिटायची, असं ब्लेअरचं चाललं होतं. लहानपणी काच फोडून आला की असाच उभा राहायचा.

"काय केलंस?" मी विचारलं.

"बाबा, तुझा परवाना होणार नाही."

"कोण म्हणतं?"

"त्या बाईने मला विचारलं. मी खरं ते सांगितलं."

"कुठलं खरं?"

"भरलेली रायफल धुण्याच्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवली होतीस. ईडिथ तिथे खेळत होती. तीन वर्षांची पोर आहे माझी, बाबा."

"भरलेली नव्हती."

"मी बोल्ट उघडून बघितला होता. आत काडतूस होतं."

"नव्हती भरलेली," मी पुन्हा म्हणालो. आणि खरं सांगायचं तर मला आठवत नव्हतं. रायफल तिथे ठेवल्याचंच आठवत नव्हतं. म्हणूनच जास्त संताप आला.

"मला आधी सांगायला तोंड नव्हतं? परक्या बाईला सांगितलंस?"

"तुला सांगून तू ऐकलं असतंस?"

ऐकलं नसतं. पण ते त्याला कशाला कळायला हवं?

"आणि तरी इथे आणलंस मला. नवी डाय घ्यायला," मी म्हणालो.

"अरे, काडतुसं करणं कुठे बंद होतंय?" तो एकदम मऊ आवाजात बोलू लागला. डॉक्टर लोक बोलतात तसा. "रायफल माझ्या कपाटात राहील. प्रेस माझ्या गॅरेजमध्ये लावू. शनिवारी येत जा. मी समोर असलो की झालं, कायद्यात बसतं. मी विचारून ठेवलंय."

"बरंच विचारून ठेवलंयस."

"तुझ्यासाठीच, बाबा."

माझ्या काडतुसांनी तो आणि क्रेग डोंगरात जाणार, आणि मी गॅरेजमध्ये त्याच्या नजरेखाली बसून दांडा ओढणार. डबी उचलून त्याच्या तोंडावर फेकावी असं वाटलं. फेकली असती तर तेही त्याने त्या बाईला सांगितलं असतं.

नोएलिन परत आली. "ठरलं? मानेचीच ना?"

"पूर्ण दे," मी म्हणालो.

ती हसायला लागली. "तू? पूर्ण डाय आळशी लोकांची म्हणून माझं डोकं खाणारा तू?"

"हो, मीच."

ब्लेअरने माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी समजूतदारपणा दाखवला म्हणून त्याला बरं वाटलं असणार. समजूतदारपणा कसला! मानेची घेतली असती तर माझी काडतुसं त्याच्या आणि क्रेगच्या रायफलला बसली नसती, आणि मग शनिवारी मला कुणी कशाला बोलावलं असतं?