खांबाखाली

डॉक्टर मन्तशांनी एकनाथची मान डावीकडे वळवली आणि त्याला झटकन मागे झोपवलं. डोळे मिटायचे नाहीत, असं बजावलं. मग उजवीकडे तसंच. त्याची बुबुळं स्थिर राहिली, म्हणजे मान फिरवून जाणारी ही चक्कर नव्हती.

एकनाथची निराशा झाली. उरवड्यातल्या विश्रामची चक्कर याच बावधनच्या दवाखान्यात मान फिरवून एका बैठकीत गेली होती. आपलंही तसंच होईल, या आशेवर तो आला होता. सत्तावीस वर्षं तो लाइनमन होता. दोन महिन्यांत तीनदा सगळं गरगरलं होतं. गावच्या डॉक्टरनं पित्त म्हणून सलाइन लावलं. तिसऱ्यांदा तर तो खांबावर होता. खांबाला मिठी मारून कसाबसा तगला. हे त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं.

चक्कर यायच्या आधी कान भरल्यासारखा होतो का, आवाज येतो का, असं डॉक्टरांनी विचारलं. तो नाही म्हणाला.

बायको रंभाबाई शेजारीच होती. "ह्ये खोटं बोलत्यात," ती म्हणाली. "महिना झाला, फोन उजव्याच कानाला लावत्यात."

तपासणीत डावा कान कमी ऐकतोय हे दिसलं. कानाच्या आत पाण्याचा दाब वाढतो, डॉक्टरांनी समजावलं. मीठ कमी करायचं, गोळ्या घ्यायच्या. चक्कर कमी होईल, पण कधी येईल याचा नेम नाही. खांबावर चढणं बंद. त्यानं कामावर हजर होण्याची चिठ्ठी मागितली.

"जमिनीवरच्या कामाची देते," त्या म्हणाल्या.

परतताना तो बसमध्ये एका जागी बसेना. पिरंगुटजवळ सोबतचा लाइनमन कैलासचा फोन आला. जवळच तार तुटली होती, गाव अंधारात होतं आणि जोडीला कुणी नव्हतं. रंभाबाईनं त्याच्याकडे नुसतं पाहिलं. तो उतरला.

वीज बंद करून घेतली होती, शिडी लावलेली होती. एकनाथनं सवयीनं पट्टा कमरेला आवळला, एक पायरी चढला आणि थांबला. वर पाहवेना. खाली उतरून त्यानं पट्टा सोडला.

"मला वर चक्कर येतीया, कैलास. मागच्या म्हैन्यात पडता पडता वाचलो. तुला सांगायला पायजे हुतं."

 कैलासनं पट्टा घेतला, बांधला आणि चढू लागला.

एकनाथनं शिडी दोन्ही हातांनी धरली. कैलास पुन्हा जमिनीवर येईपर्यंत त्यानं ती सोडली नाही.