सात घरांच्या पट्ट्या

सहा वर्षं मी स्वस्त भाड्याच्या सरकारी घरांच्या यादीत होते. घटस्फोटानंतर भावाच्या माळ्यावर राहत होते, आणि दहा वर्षांची माझी वीत्स्के तिच्या बापाकडे, असेन शहरात. माळ्यावर दुसरी खाट मावत नव्हती. शेवटी विन्सखोटेन गावात एक घर निघालं आणि ते पाहायला यादीतल्या पहिल्या तीन अर्जदारांना एकदमच बोलावलं. माझा नंबर तिसरा.

पहिलं जोडपं दारातूनच परतलं. दुसरी बाई आत शिरली, खाली पाहिलं आणि म्हणाली, "हे काय, गोठा आहे का?" खाली नुसतं काँक्रीट होतं. आमच्याकडे भाडेकरूनं जाताना स्वतः घातलेली जमीन, म्हणजे फरशी-लाकूड जे असेल ते, उखडून न्यायची असा नियम आहे, आणि आधी राहणाऱ्या म्हातारीच्या मुलांनी तो अगदी चोख पाळला होता. घर दाखवणारी गृहसंस्थेची बाई माझ्याकडे वळली. मी तिला तोंडही उघडू दिलं नाही. "घेतलं," म्हटलं.

किल्ली त्याच दिवशी मिळाली. मी रीकुसला, माझ्या आधीच्या नवऱ्याला, फोन केला.

"काँक्रीटवर झोपवणार पोरीला?" तो म्हणाला. "सोमवारी शाळा सुरू होतेय. त्याआधी घर राहण्याजोगं कर, नाहीतर याही वर्षी ती इथेच."

त्याचं चुकत नव्हतं, म्हणून तर जास्त राग आला. नवी जमीन घालणं मला परवडणारं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी काँक्रीट झाडत होते, तर शेजारचे हार्म वुब्स खिडकीला नाक लावून उभे.

"काय पाहताय? तमाशा चाललाय का?" मी ओरडले.

"तमाशा असता तर खुर्ची आणली असती. पट्ट्या किती लागतील ते बघतोय."

"मला कुणाची भीक नकोय."

"भीक कोण देतंय? अगं पोरी, या रांगेतली सगळी घरं एका मापाची. ज्यानं त्यानं लाकडी पट्ट्या घातल्या आणि उरलेल्या शेडमध्ये कोंबल्या, लागतील कधीतरी म्हणून. वीस वर्षं त्यावरून बायको माझं डोकं खातेय. तुझ्यामुळे तरी सुटेन!"

शनिवारी सकाळी सात घरांतून पट्ट्या आल्या. कुठल्या मधाच्या रंगाच्या, कुठल्या राखाडी, कुठल्या जवळजवळ काळ्या. वुब्स गुडघे टेकून करवत चालवत होते आणि मला झापत होते, "उलटी धरलीस, उलटी!" दुपारी मी कॉफी केली आणि डबा फिरवला, कॉफीबरोबर एकच बिस्किट या इथल्या रीतीप्रमाणे प्रत्येकाला एकेक देऊन झाकण लावलं.

"एकच?" वुब्स म्हणाले. "मग ही आपल्यातलीच."

सगळे हसले. मी कप धुवायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात गेले आणि पोटभर रडले. निम्म्या लोकांची नावंही मला ठाऊक नव्हती. त्यांचे आभार कुठल्या तोंडानं मानायचे ते कळेना, म्हणून बाहेर येऊन पुन्हा पट्ट्या धरायला बसले.

रविवारी रीकुस वीत्स्केला घेऊन आला. दारात उभं राहून त्यानं खाली पाहिलं. "एकही पट्टी दुसरीशी जुळत नाही," म्हणाला, पण बूट काढून आत आला.

वीत्स्के दोन्ही खोल्या फिरून आली. माळ्यावर ती शनिवार-रविवार यायची, तेव्हा कपडे पिशवीतून काढायची आणि पुन्हा पिशवीतच ठेवायची. आज तिनं अख्खी पिशवी जमिनीवर उपडी केली, झटकली, घडी घातली आणि बापाच्या हातात दिली.

"ही घेऊन जा, बाबा. आता लागणार नाही."