उजवी बरणी

चाचपडत सरांनी स्विच दाबला आणि पाहायला आलेले तिघे जिथे असावेत, तिकडे तोंड करून हसले.

"डाव्या बरणीत साधं पाणी, उजवीत जड पाणी, अणुभट्टीत वापरतात ते. दोन्हींना वीज सारखीच. पण उजवी जास्त तापते. सूर्याच्या पोटात जे घडतं ना, तेच या गॅरेजमध्ये घडतंय."

विद्यापीठातून आलेल्या दोन प्राध्यापकांनी एकमेकांकडे पाहिलं. पत्रकार जांभई दाबत होता. असल्या लोकांना आपणहून बोलावणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. पण निवृत्त रसायनशिक्षकाचा उत्साह कोण आवरणार? नजर गेल्यापासून थर्मामीटर त्यांची बायको वाचायची आणि ते पुढचं गणित तोंडी करायचे. बोलणाऱ्या, बॅटरीवर चालणाऱ्या यंत्रांवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. बायकोवर होता.

ती टेबलाशी उभी होती. पाणी तापेपर्यंत तिने सगळ्यांना दोनदा चहा दिला, कप विसळले, पुन्हा पुसले.

"हं, सांग गं आता," ते म्हणाले.

"डावी एकतीस. उजवी..."

दोघांपैकी बुटके प्राध्यापक तिच्या शेजारी येऊन काचेवर वाकले होते.

"उजवी एकतीस."

"नीट बघ."

"एकतीसच आहे, अहो."

बुटक्या प्राध्यापकांनी मान हलवली. माणूस वाईट नव्हता. शक्य तितक्या हळू आवाजात ते म्हणाले, "सर, आधीचे आकडे वाचताना बाईंची चूक झाली असेल. रेघा फार बारीक असतात."

सरांचा आवाज चढला. "माझ्या यंत्रावर हवी तेवढी शंका घ्या. तिच्या आकड्यांवर नाही! तिने कधी एक रेघ इकडची तिकडे केलेली नाही."

हे मात्र तिला सोसवेना.

"केली," ती म्हणाली. "रोज केली."

ती सरांकडे वळली.

"डोळे गेले तेव्हा तुम्ही भिंतीकडे तोंड करून पडून असायचात. जेवायचा नाहीत. एके दिवशी मी उजवी दोन अंश वाढवून सांगितली, तर उठून बसलात. ताट वाढ म्हणालात. मग मला थांबताच येईना. तुम्ही लोकांना बोलवाल असं वाटलं नव्हतं हो."

पत्रकाराने पेनाला टोपण लावलं. प्राध्यापकांनी आपापल्या पिशव्या उचलल्या आणि तिघेही निरोप न घेता बाहेर पडले. सर स्टूल चाचपून बसले. त्यांचा चेहरा पाहण्याची तिला भीती वाटत होती, तरी ती पाहत राहिली.

"उजवी कधीच जास्त तापली नाही?"

"कधीच नाही."

"आणि मी त्यावर अख्खा सिद्धांत रचला," ते म्हणाले. "चांगला जमला होता गं."

"मला त्यातलं ओ की ठो कळलं नाही. पण तुम्ही समजावायला लागलात की बरं वाटायचं."

त्यांनी हात पुढे करून टेबलाची कड शोधली.

"आत्ता किती आहे?"

ती वाकली. डोळे पुसल्याशिवाय रेघा दिसेनात.

"डावी बत्तीस. उजवीही बत्तीस."

"बरं," ते म्हणाले आणि उठले. "चल, वाढ. जेवून घेऊ."