वाळूखालचा तेविसावा

माझ्या ताईला नाही म्हणता येत नाही, हा तिचा जुना आजार. कुणाच्या पोरांची हौस फिटली की घरातले शंखातले खेकडे थेट तिच्या दारात. "दोनच तर आहेत हो," म्हणायचं, डबा ठेवायचा आणि सटकायचं. असे दोन-दोन करत एका काचेच्या पेटीत तेवीस झाले.

मी काचेच्या पेट्याच जोडते, तेव्हा मला विचारायला काय झालं होतं? पण बाईसाहेब मोजायच्या फक्त वर दिसणारे. जे कात टाकायला वाळूत शिरून बसलेत, ते हिच्या मोजणीतच नाहीत. म्हणून हिला कायम वाटायचं, अजून जागा आहे! शेवटी मी भांडून सगळ्यांची नावं कागदावर लिहून घेतली, तेव्हा कुठे बाईंचे डोळे उघडले.

रविवारी सकाळी तिचा फोन आला. "लवकर ये गं! दादोबा एकटाच खाली आहे आणि हे मेले नेमके त्याच्यावरच उकरतायत!"

दादोबा म्हणजे तिचा पहिला खेकडा, नऊ वर्षांचा. कात टाकलेल्या खेकड्याचं अंग लोण्यासारखं मऊ असतं. तो दुसऱ्यांच्या तावडीत सापडला तर ते त्याला खाऊन टाकतात.

दुकानात एका गिऱ्हाइकाची मोठी पेटी तयार होती, जोड कडक सुकलेले. नवीन जोडायची तर दोन दिवस गेले असते. गिऱ्हाइकाला फोनवर सांगितलं, "तुमची पेटी पुढच्या आठवड्यात," आणि त्याचं बोलणं संपायच्या आत पेटीसकट टेम्पोत बसले.

पोचले तर भाऊजी हातात चमचा घेऊन उभे.

"अलगद काढतो त्याला बाहेर," ते म्हणाले.

"खबरदार!" मी ओरडले. "आत्ता धक्का लागला तरी जायचा तो. त्याला नाही हलवायचं. बाकीच्या बावीस जणांना हलवायचं!"

मग जी पळापळ सुरू झाली! भाऊजींनी ओली वाळू वीतभर खोल भरली, ताईने गोड्या आणि खाऱ्या पाण्याच्या वाट्या ठेवल्या, मी रिकामे शंख मांडले. एकेक खेकडा उचलायचा, नाव घ्यायचं, कागदावर खूण करायची. दोघांनी मला चिमटे काढले, एक तर बोट सोडेचना.

एकवीस झाले. बाविसावा गायब! पेटीत नाही, ओंडक्याखाली नाही. ताईचा चेहरा उतरला. "तोही खाली शिरला असेल तर?"

तेवढ्यात मला दिसलं, महाराज भाऊजींच्या बाहीला लोंबकळत होते. काखेत कळसा! हसून हसून आमची पुरेवाट झाली.

नव्या पेटीत तर जत्राच भरली. एकीने मोठा शंख पटकावला, तिचा सुटलेला दुसऱ्याने घेतला, त्याचा तिसऱ्याने. आम्ही तिघं काचेला नाक लावून "अरे घे, घे!" करत होतो. इकडे जुन्या पेटीतली वाळू मात्र ढिम्म हलेना.

पुढचे एकोणीस दिवस ताईने त्या वाळूला बोट लावलं नाही. रोज मला विचारायची, "असेल ना गं तो?" मी रोज "असेल" म्हणायचे, आणि मलाही भीती वाटायची.

विसाव्या दिवशी तिचा फोन आला, पण "ये गं!" एवढंच म्हणून तिने तो ठेवून दिला. मी चपला न घालताच धावले.

दादोबा वर आला होता, लालचुटुक, नवा कोरा. तो पेटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेला. वळला. परत आला. पुन्हा निघाला. वाटेत त्याला कुणीच आडवं आलं नाही.

ताईने डोळे पुसले. "याला एवढं चालता येतं, हे मला माहीतच नव्हतं गं," ती म्हणाली.