बारा हजारांवरचं

आमच्या बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, दशलक्षण पर्वात अभिषेकाच्या पहिल्या कलशासाठी सवाल होतात, म्हणजे बोली लागते. गेली तीन वर्षं तो कलश माझा.

हे गेले तेव्हा मी मुनिमहाराजांसमोर व्रत घेतलं होतं. मिरची कांडायच्या डंकावर वर्षाला बारा हजारांवर जे मिळेल, ते घरात ठेवायचं नाही. म्हणून प्राप्तिकराच्या अंदाजाचा कागद आला की मी बेधडक बारा हजार लिहायची. वरचं माझं नव्हतंच, मग लिहायचं कशाला?

यंदा पहिल्यांदाच कागद विश्रामबागेत नानासो वकिलांकडे नेले. त्यांनी माझी वही उलटीपालटी केली आणि चष्मा काढला.

“आवं गुणमालाबाई, हितं तर वर्षाला अठरा दिसत्यात.”

“वरचे सहा देवाचे.”

“देवाला दिलेत व्हय, पण मिळवले कुणी?”

ते उठले आणि दार लावून आले. वकिलानं दार लावलं की माणसाला आपण काय काय केलंय ते आठवायला लागतं.

“उद्या पंधरा सप्टेंबर. अंदाज सुधारून हप्ता भरा. मागच्या वर्षांचंही आपण होऊन सांगू. आणीबाणी हाय बाई. कुणी निनावी कार्ड टाकलं तरी दारात जीप उभी राहती. मशीनला सील लागलं तर काय कराल?”

“माझ्यावर कोण कार्ड टाकतंय?”

“गेल्या साली सवाल कितीला घेतला?”

“पाच हजार एकला.”

“किती जणांनी ऐकला?”

बस्ती भरलेली होती. वर कर्णाही लावला होता.

त्याच दुपारी सवाल होते. हप्त्याचे पैसे घरी पत्र्याच्या डब्यात होते. ते सवालात गेले की उद्या भरायला काही नाही. मी खांबाला टेकून बसले, शेजारी माझी जाऊ चंदनबाला. समोर रोजचीच माणसं. अण्णाप्पा हळदवाले माझ्याकडे बघून हसले. एरवी मीही हसले असते. आज मनात आलं, ह्यांचं अक्षर कसं असेल?

उपाध्यांनी पुकारा केला. कुणीतरी पाचशे एक म्हणालं, अण्णाप्पा सातशे एक. मग सगळे थांबले. माझ्यासाठीच थांबले होते.

“गुणमालाबाई?” उपाध्ये म्हणाले.

बोलले तर आकडा पुन्हा चारशे कानांत जाणार. गप्प राहिले, तर हिनं एवढ्यात पैसा कुठं दडवला म्हणणार.

चंदनबालानं मला कोपरानं ढोसलं. “बोल की गं! डंक बंद पडला काय तुझा?”

मी नको म्हणून मान हलवली. कलश सातशे एकला अण्णाप्पांकडे गेला. इतक्या स्वस्तात मिळाला म्हणून ते स्वतःच घाबरल्यासारखे दिसले. बाहेर पडताना वाटेवर एक जीप उभी होती. जवळ जाऊन पाटी वाचली. दवाखान्याची होती.

सकाळी डबा घेऊन मी विश्रामबागेत हजर. नानासोंनी पेनाचं टोपण काढलं.

“अठरा लिहू?”

“वीस लिहा.”

“वीस कशाला? अठराच हायत की.”

“कमी पडायला नको. वीसच लिहा.”

त्यांनी लिहिलं, मी सही केली. बँकेत चलन भरून बाहेर आले, चार पावलं गेले आणि तशीच माघारी फिरले.

“नानासो, आता वीस मिळवायला लागणार की मला!”

“आवं, अंदाज हाय त्यो. व्रत न्हवं!”

“सही केलीय मी.”

ते कपाळाला हात लावून हसत होते. मला हसू येईना. पर्वात जीवहिंसा नको म्हणून डंक दहा दिवस बंद असतो, त्यातले चार अजून बाकी. मार्चपर्यंत नेहमीपेक्षा दोन हजार जास्त, आणि मिरचीचा हंगाम तर लांब. घरी आले, चप्पल काढायच्या आधी भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलं आणि एकेक दिवस बोटानं मोजायला लागले.