उलट्या तारांची गिटार

बिघडलेल्या गिटारी बऱ्या करतो म्हणून गल्लीत सगळे त्याला डॉक्टर म्हणत. फरक एवढाच की त्याचे पेशंट कधी तक्रार करत नसत आणि नातेवाईक मात्र त्याला भंडावून सोडत. आपली गिटार जुनी आहे, अस्सल आहे, कुणा बड्या वादकाच्या हातची आहे, असंच प्रत्येकाला ऐकायचं असे. डॉक्टर चार स्क्रू काढायचा आणि ‘नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा’ असं तोंडावर सांगून मोकळा व्हायचा. त्याला त्यात मजाही यायची.

त्या सकाळी आलेली मुलगी नर्स होती, ड्युटीवरून थेट आलेली. तिने इलेक्ट्रिक गिटारची पेटी टेबलावर ठेवली.

“काका, बाबांची आहे. ते अंथरुणाला खिळलेत. विकत मागायला आलेला दुकानदार त्यांच्या तोंडावर नकली म्हणाला. तेव्हापासून त्यांचं जेवणावरून मनच उडालंय. खरं काय ते सांगा. मला खोटी समजूत घालता येत नाही.”

“नकली कशावरून म्हणाला?”

“तारांच्या खाचा उलट्या आहेत म्हणे. आणि दांडीच्या दोन्ही बाजूंना ही शिंगं असतात ना, त्यातल्या वरच्या शिंगावर पट्टा अडकवायचं बटण असतं, तसं खालच्या शिंगावरही आणखी एक आहे. कारखान्यात अशी कधी बनलीच नाही म्हणाला.”

“उंटावरचा शहाणा,” डॉक्टर पुटपुटला आणि स्क्रू ड्रायव्हर उचलला.

पुढची पट्टी निघाली. तिच्याखालचा रंग अजून कोरा पांढरा होता आणि बाहेरचा पार पिवळा पडला होता. घासून, चहाचं पाणी लावून जुनी केलेली गिटार अशी पिवळी होत नाही. आतल्या वायरींवर सुती वेष्टण होतं, जोडांवरचं कथिल कुणी हलवलेलं नव्हतं. त्याने नाक आत घालून वासही घेतला. नर्सला हसू आलं, पण डॉक्टरचं लक्ष नव्हतं. बाजूच्या कडेवर कोपर घासून रंग उडाला होता, तोही भलत्याच बाजूला. कुणीतरी डावऱ्याने ही गिटार उलटी धरून वर्षानुवर्षं वाजवली होती.

मग त्याने खालच्या शिंगावरचं बटण काढलं. भोकाशेजारी आणखी एक भोक होतं, तिरकं गेलेलं, आणि त्यात काडेपेटीची काडी डिंक लावून ठोकून बसवली होती. काडीचं लाल टोकसुद्धा तसंच होतं.

डॉक्टरने ते टोक अंगठ्याने चाचपलं. ते भोक त्याने स्वतः पाडलं होतं, शाळेत असताना. दादा डावरा, गिटार उजव्या हाताची. “धाकट्या, धीट हो, मार भोक,” दादा म्हणाला होता आणि ड्रिल सटकलं होतं. काडी ठोकून ते भोक बुजवणं ही त्याच्या आयुष्यातली पहिली दुरुस्ती. त्यानंतर काही महिन्यांतच गिटार घरातून नाहीशी झाली. घराची किल्ली धाकट्याकडे असायची. दादाने त्याला चोर म्हटलं, कानाखाली वाजवली आणि घर सोडलं. आईला तो अजून दर रविवारी फोन करतो. धाकट्याचं नावही काढत नाही.

“बाबांनी कुणाकडून घेतली?” डॉक्टरने विचारलं.

“एका बाईकडून. कुठल्याशा लाँड्रीत कामाला होती. हातावर मनगटापासून कोपरापर्यंत इस्त्रीने भाजल्याचा डाग होता, तो बाबांना अजून आठवतो. एवढंच म्हणाली, या भागात वाजवू नका.”

पडद्यामागे, आतल्या खोलीत, डॉक्टरची आई मटार सोलत बसली होती. शेंगा फुटायचा आवाज थांबला.

“जरा बसा,” म्हणून डॉक्टर आत गेला. आईने पदराने हातावरचा डाग झाकून घेतला होता.

“खोटी आहे म्हणून सांग तिला,” ती हळूच म्हणाली. “घेऊन जाऊ दे.”

“का विकलीस?”

“तुझा बाप असाच वाजवत वाजवत ऑर्केस्ट्राबरोबर गेला, तो आलाच नाही. हाही गेला असता.”

“गेलाच की! आणि चोर मी ठरलो. तू तोंडातून शब्द काढला नाहीस.”

“काढला असता तर त्याने मलाही तोडलं असतं.” तिने मटारचे दाणे उगाच चाळवले. “तुझं काय, तू कुठे जाणार होतास?”

डॉक्टरला संताप आला आणि त्याहून जास्त रडू आलं. इतकी वर्षं तिची औषधं, तिचा चष्मा, तिचं सगळं त्यानेच बघितलं होतं. आता बोलणार तरी कुणाला? आपलेच दात, आपलेच ओठ. तो तोंड धुऊन बाहेर आला.

“बाबांना सांगा, शंभर नंबरी खरी आहे. ते जादा भोक पाडणारा कारागीर तेवढा कच्चा होता.”

“तुम्हाला कसं कळलं?”

“मीच होतो तो.”

नर्सच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. तिला विचारून त्याने काडीच्या भोकाचा फोटो काढला आणि आईच्या फोनमधून नंबर घेऊन दादाला पाठवला. खाली लिहिलं, ‘दादा, तुझी गिटार सापडली. धाकटा.’

गिटार पुन्हा जोडून झाली, नर्स पेटी घेऊन गेली. टेबल पुसेपर्यंत फोन वाजला. दादाचा आवाज केवढा म्हातारा झाला होता.

“म्हणजे इतकी वर्षं तुझ्याकडेच होती तर,” दादा म्हणाला. “आता लाज वाटली होय?”

अस्सलपणाचा एवढा पक्का पुरावा त्याने आजवर कुणाला दिला नव्हता. तो पडदा सारून आत गेला, फोन स्पीकरवर टाकला आणि आईसमोर धरला.

“दादा आहे. तूच सांग.”

आईने फोनकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

“जेवलास का रे?” तिने फोनमध्ये विचारलं.

डॉक्टरने स्टूल ओढलं आणि फोन तसाच धरून तिच्यासमोर बसला.