तोंडी परीक्षेच्या खोलीत

चौकशी समितीच्या अध्यक्षांचा प्रश्न टेबलावरच्या न उचललेल्या चहासारखा निवत चालला होता. प्रश्न साक्षीदाराला होता, आणि साक्षीदार ज्याची चौकशी चालली होती त्या प्राध्यापकाची बायको होती.

"बाई, तोंडी परीक्षेच्या खोलीत अंतर्गत परीक्षक म्हणून तुम्ही होतात. बाहेरून आलेले परीक्षक असं काही बोलले?"

त्याने मान वर केली नाही. ते काय बोलले, हे त्याला तिच्याच तोंडून कळलं होतं. मार्गदर्शकाला त्या खोलीत मज्जाव असतो. त्या संध्याकाळी ती चप्पल न काढताच स्वयंपाकघरात आली होती आणि वाहत्या नळाच्या आवाजाआड रडत सांगत राहिली होती: त्याची विद्यार्थिनी प्रकल्प मांडत असताना परीक्षक हसून म्हणाले, 'तुमच्या वस्तीतल्यांचे हात चांगले चालतात. डोक्याला कशाला शिणवता?' आणि मुलगी नापास झाली.

विभागाच्या पुढच्याच सभेत त्याने ते वाक्य सर्वांसमोर ठेवलं. सांगणारीचं नाव तेवढं गिळलं. मुलीचं म्हणणं नापासाचा कांगावा ठरलं, आणि त्याचं विद्यापीठाची बदनामी.

"सर, कुणाकडून ऐकलंत ते सांगून मोकळे व्हा," अध्यक्ष त्याच्याकडे वळले. "बायकोकडून असेल तरी चालेल. बायकोचं ऐकलं म्हणून आजवर कुणाला शिक्षा झालेली नाही!"

समिती हसली. ते हसू खोलीभर फिरलं आणि तिच्या ओठांवर येऊन क्षणभर टेकलं. ते त्याला दिसलं.

"नाव सांगणार नाही," तो म्हणाला.

"आणि बाई, तुम्ही?"

"सरांना कुणी सांगितलं, मला माहीत नाही." घरी ती त्याला अरेतुरे करायची. "माझ्या कानावर तरी तसं काही आलं नाही."

अध्यक्षांनी पेनाचं टोपण लावलं. निलंबनाचा निर्णय त्याला तिथेच तोंडी ऐकवण्यात आला.

बाहेरच्या व्हरांड्यात तीच आधी बोलली.

"हात दाखवून अवलक्षण! मी तुला सांगितलं होतं, सभेला नाही."

"रडत सांगितलं होतंस."

"मग? घरातलं रडणं कुणी चव्हाट्यावर नेतं का रे? रडायचं, तोंड धुवायचं, सकाळी कामाला यायचं. इतकी वर्षं कशी काढली मी इथे?" तिचा आवाज खाली आला. "दोघांपैकी एकाने तरी आत राहायला हवं."

ते खरं होतं, म्हणूनच त्याला ते सोसवेना. तिच्या मुठीत प्रयोगशाळेची किल्ली होती. काल चौकशीच्या नावाखाली कार्यालयाने मागून घेईपर्यंत ती त्याच्या खिशात असायची.

"माझे विद्यार्थी तुझ्याकडे दिले?"

"हो."

"ती मुलगीसुद्धा?"

तिने नुसती मान डोलावली.

प्रयोगशाळेच्या दाराच्या काचेतून ती मुलगी दिसत होती. सूक्ष्मदर्शकावरचं कापड काढून तिने त्याची नीट घडी घातली, खुर्ची पुढे ओढली आणि दाराकडे पाहिलं. ती नव्या मार्गदर्शकाची वाट पाहत होती.

"ती विचारेल," तो म्हणाला, "'मॅडम, तुम्ही तर तिथेच होतात ना?' काय सांगशील?"

बायको चालू लागली. प्रयोगशाळेच्या दारापाशी तिची पावलं जराशी अडखळली. मग मुठीतली किल्ली तशीच आवळून, आत न जाता दारावरून पुढे होऊन, ती जिन्याकडे निघून गेली.